थांबायला किती वेळ, थांबायला किती अंतर?



आजचा विषय नववी-दहावीच्या विज्ञानातला आहे : संवेग, कार्य, ऊर्जा आणि शक्ती. आपल्यापैकी बरेच जण महाराष्ट्राबाहेर राहतात. कुणाची मुलं हिंदी माध्यमात आहेत, कुणाची इंग्रजी, कन्नड किंवा गुजराती माध्यमात. म्हणून शब्दांची आधी एकदा उजळणी करू. संवेग म्हणजे मोमेंटम. कार्य म्हणजे वर्क, ऊर्जा म्हणजे एनर्जी, शक्ती म्हणजे पॉवर. वस्तुमान म्हणजे मास, यालाच हिंदी पुस्तकात द्रव्यमान म्हणतात. बल म्हणजे फोर्स. एवढे शब्द पुरेत.

घरी बोलताना आपण हे शब्द सरमिसळ करून वापरतो. बैलात ताकद आहे, इंजिनात शक्ती आहे, चेंडूला जोर आहे, आज अंगात ऊर्जाच नाही. बोलण्यात यानं काही बिघडत नाही. भौतिकशास्त्रात मात्र यातला प्रत्येक शब्द वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. मुलं इथेच अडतात. सूत्रं त्यांना पाठ असतात. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग म्हणजे गतिज ऊर्जा. पण मनात एक शंका राहते, आणि ती बहुतेक वर्गात कुणी विचारत नाही : धावती वस्तू एकच, तिचं वस्तुमान एकच, वेगही एकच, मग तिच्या गतीची मापं दोन कशाला? आणि एकात वेग साधा का, दुसऱ्यात वेगाचा वर्ग का?

आज याच शंकेला हात घालायचा आहे. उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो, मग ते पटतं का बघू. धावत्या वस्तूला ठरावीक बलानं थांबवायला किती वेळ लागेल, हे संवेग सांगतो. ती थांबेपर्यंत किती अंतर जाईल, हे गतिज ऊर्जा सांगते.

हिशेब करून बघू. समजा एक गाडी आहे, माणसं धरून १००० किलो. ब्रेक दाबल्यावर रस्ता तिला ५००० न्यूटन बलानं मागे रेटतो. गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. तिचा संवेग १००० गुणिले १०, म्हणजे १०,०००. त्याला बलानं, ५०००नं, भागा. उत्तर २. गाडी २ सेकंदांत थांबेल. आता गतिज ऊर्जा काढा. १००० चं अर्धं ५००, गुणिले १० चा वर्ग १००, म्हणजे ५०,००० जूल. त्यालाही ५०००नं भागा. उत्तर १०. गाडी १० मीटर जाऊन थांबेल.

आता वेग दुप्पट करा. ताशी ७२, म्हणजे सेकंदाला २० मीटर. संवेग २०,०००, म्हणून थांबायला ४ सेकंद. वेळ दुप्पट झाला. गतिज ऊर्जा ५०० गुणिले ४००, म्हणजे २,००,००० जूल. भागिले ५०००, म्हणजे ४० मीटर. अंतर चौपट झालं.

हे चौपट आलं कुठून, ते समजून घ्या. दुसरी गाडी थांबायला दुप्पट वेळ घेते. शिवाय त्या सगळ्या वेळात तिचा सरासरी वेगही दुप्पट असतो. पहिलीचा सरासरी ५, दुसरीचा १०. दुप्पट वेळ आणि दुप्पट सरासरी वेग मिळून अंतर चौपट. वेगाचा वर्ग येतो तो असा. सूत्रातला ‘अर्धा’ही इथूनच येतो : एका दमानं वेग कमी होत शून्यावर आला, तर सरासरी वेग सुरुवातीच्या वेगाच्या अर्धा असतो. वर्ग आणि अर्धा, दोन्ही पाठ करण्याची गरज राहत नाही.

म्हणजे बलाची दोन खाती आहेत. बल गुणिले वेळ हे एक खातं. त्यातून संवेग बदलतो. बल गुणिले त्याच दिशेतलं अंतर हे दुसरं खातं. त्यालाच कार्य म्हणतात, आणि त्यातून गतिज ऊर्जा बदलते.

क्रिकेटचा झेल घ्या. चेंडू साधारण १६० ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला ३० मीटर वेगानं हातात आला, तर संवेग ४.८ आणि गतिज ऊर्जा ७२ जूल. हात ताठ ठेवून ३ सेंटिमीटरात चेंडू थांबवला, तर सरासरी बल ७२ भागिले ०.०३, म्हणजे २४०० न्यूटन. तळहात झणझणणार. हात चेंडूबरोबर ३० सेंटिमीटर मागे नेला, तर बल २४० न्यूटन. हाच हिशेब वेळेनं करा. पहिल्या वेळी चेंडू सेकंदाच्या पाचशेव्या भागात थांबतो, दुसऱ्या वेळी पन्नासाव्या भागात. ४.८ ला ०.००२ नं भागा, २४०० येतील, ०.०२ नं भागा, २४० येतील. दोन्ही वाटांनी उत्तर एकच. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर, गाडीचा दबणारा पुढचा भाग, एअरबॅग ही सगळी हात मागे नेण्याचीच रूपं आहेत. अंतर वाढवा, वेळ वाढतो, बल कमी होतं.

आता कुणी म्हणेल, एवढं सोपं आहे तर गोंधळ का होतो? मंडळी, हा गोंधळ फक्त नववीच्या मुलांचा नाही. युरोपातले मोठेमोठे पंडित यावरून काही दशकं भांडत होते. रने देकार्त यांनी १६४४ साली मांडलं की जगातल्या गतीचं एकूण प्रमाण कायम राहतं, आणि ते मोजायचं वस्तूचा आकार गुणिले वेग असं. १६८६ साली गॉटफ्रीड लायब्निझ यांनी त्यावर हरकत घेतली. त्यांचा युक्तिवाद आपण पाण्याच्या बादल्यांवर उतरवू.

एक बादली चार मजले चढवायची, किंवा चार बादल्या एक मजला चढवायच्या. कष्ट सारखेच, नाही का? जिनं चढून पाणी भरलंय तिला हे सांगावं लागणार नाही. आता या बादल्या वरून सोडून द्या. चढवायला सारखे कष्ट पडले, तर खाली येताना त्यांच्यात सारखंच काहीतरी साठलेलं असायला हवं. पण गॅलिलिओपासून आपल्याला माहीत आहे की चौपट उंचीवरून पडलेली वस्तू चौपट वेगानं आदळत नाही. ती दुप्पट वेगानं आदळते. म्हणजे चार मजल्यांवरून पडलेल्या एका बादलीचा वेग २ धरला, तर एका मजल्यावरून पडलेल्या चार बादल्यांचा वेग १. वस्तुमान गुणिले वेग करा : इकडे १ गुणिले २, म्हणजे २. तिकडे ४ गुणिले १, म्हणजे ४. जुळत नाही. वेगाचा वर्ग घ्या : इकडे १ गुणिले ४, तिकडे ४ गुणिले १. जुळलं. लायब्निझ म्हणाले, खरं माप हेच.

पुढे हॉलंडमध्ये स’ग्रावेसांडे यांनी पितळेचे गोळे मऊ मातीवर टाकून बघितले. दुप्पट वेगानं पडलेल्या गोळ्यानं पाडलेला खड्डा दुपटीचा नव्हता, चौपट होता. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीनं १७४० साली छापलेल्या आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात लायब्निझची बाजू घेतली. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चं फ्रेंच भाषांतरही तिचंच, ते तिच्या मृत्यूनंतर १७५९ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालं. १७४३ साली द’अलांबेर यांनी लिहिलं की हे भांडण शब्दांचं आहे. आणि गणित म्हणून बघितलं तर तसंच आहे. एक बाजू वेळेचा हिशेब मांडत होती, दुसरी अंतराचा. पुढे १८२९ साली कोरिओलिस यांनी बल गुणिले अंतर याला ‘कार्य’ हे नाव रूढ केलं आणि वेगाच्या वर्गामागे तो ‘अर्धा’ बसवला. मुलाला हे सूत्र एका तासात समजलं नाही, तर त्याला रागावण्याआधी हा इतिहास आठवावा.

मग ही दोन्ही मापं एकाच वस्तूची असून वेगळी पडतात केव्हा? बंदुकीत ते स्वच्छ दिसतं. ४ किलोची रायफल, १० ग्रॅमची गोळी. गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगानं सुटते, तिचा संवेग ८. रायफल तितक्याच संवेगानं मागे येते, म्हणजे सेकंदाला २ मीटर वेगानं. संवेग समसमान, दिशा उलट. आता ऊर्जा बघा. गोळीची ३२०० जूल, रायफलची फक्त ८ जूल. म्हणून मागचा माणूस खांद्याला धक्का खाऊन उभा राहतो आणि पुढच्याचा जीव जातो.

हा ४०० पटींचा फरक कसा पडला? स्फोटाचं बल दोघांवर सारखंच होतं. ते दोघांवर सारखाच वेळ लागू होतं, म्हणून संवेग सारखा. पण तेवढ्या वेळात गोळी नळीतून समजा ६० सेंटिमीटर पुढे सरकली, तर रायफल जेमतेम दीड मिलिमीटर मागे सरकली. अंतर ४०० पट, म्हणून ऊर्जा ४०० पट.

आणखी एक फरक आहे. संवेगाला दिशा असते, ऊर्जेला नसते. एकेक किलोचे चिखलाचे दोन गोळे समोरासमोरून सेकंदाला ३ मीटर वेगानं आले आणि एकमेकांना चिकटून जागीच थांबले. संवेग आधी अधिक ३ आणि उणे ३, म्हणजे शून्य, नंतरही शून्य. संवेग अक्षय्यतेचा नियम पाळला गेला. गतिज ऊर्जा मात्र आधी साडेचार आणि साडेचार, म्हणजे ९ जूल होती आणि नंतर शून्य. ती नष्ट झाली का? नाही. गोळे चेपण्यात आणि ते किंचित गरम होण्यात ती गेली. ऊर्जा रूप बदलू शकते, उष्णता होऊन लपू शकते. संवेगाला अशी दुसरी रूपं नाहीत. एकाचा गेला तर तो दुसऱ्याला मिळालेलाच असतो.

परीक्षेला बसणाऱ्यांनी इथे एक खूणगाठ बांधावी. प्रश्नात बल आणि वेळ दिला असेल, तर संवेगानं सुरुवात करा. बल आणि अंतर किंवा उंची दिली असेल, तर ऊर्जेनं करा. टक्कर असेल, तर आधी संवेगाचं समीकरण मांडा. गतिज ऊर्जा कायम राहिली असं प्रश्नात सांगितलं असेल तरच ते दुसरं समीकरण वापरा. निम्मी गणितं या निवडीतच सुटतात.

आता कार्याबद्दलची एक जुनी तक्रार. पुस्तकात असतं की डोक्यावर ४० किलोचं सामान घेऊन फलाटावर उभा असलेला हमाल शून्य कार्य करतो. हे वाचून मुलांना वाटतं, विज्ञानाला कष्टाची किंमतच नाही. तक्रार रास्त आहे, कारण वाक्य अर्धवट आहे. पूर्ण वाक्य असं : हमाल त्या सामानावर शून्य कार्य करतो. सामान वर गेलं नाही, खाली आलं नाही, त्याच्या ऊर्जेत काही भर पडली नाही. तेच सामान जमिनीवरून दीड मीटर उचलून डोक्यावर घेताना त्यानं सुमारे ६०० जूल कार्य केलं होतं. पण उभं राहण्यात त्याची ऊर्जा खर्च होतेच. स्नायू ताणून धरायचा तर त्यातले तंतू सतत आकसत आणि सैल होत राहतात. त्यासाठी जेवणातून आलेली ऊर्जा लागते आणि तिची उष्णता होते. म्हणून घाम येतो. लोखंडी रॅक तेच सामान फुकट धरून ठेवतो, कारण रॅकला स्नायू नाहीत. तेव्हा कार्य विचारताना नेहमी विचारायचं : कुणी केलं, कुणावर केलं?

राहिली शक्ती. कार्य किती झालं हे सांगून भागत नाही; ते किती वेळात झालं हेही बघावं लागतं. कार्य भागिले वेळ म्हणजे शक्ती. ६० किलोचा माणूस १२ मीटर, म्हणजे साधारण चार मजले चढला, तर कार्य सुमारे ७२०० जूल. मिनिटभरात चढला तर शक्ती १२० वॅट, धावत २० सेकंदांत चढला तर ३६० वॅट. कार्य तेवढंच, पण धाप वेगळी. जेम्स वॉट यांनी आपली वाफेची इंजिनं विकताना घोड्याशी तुलना केली. त्यांचा अश्वशक्तीचा आकडा आजच्या मापात सुमारे ७४६ वॅट होतो. आणि विजेच्या बिलावरचं युनिट? ते शक्तीचं माप नाही, ऊर्जेचं आहे : हजार वॅट एक तासभर, म्हणजे ३६ लाख जूल. एवढ्या ऊर्जेत ६० किलोचा माणूस ६००० मीटर उंच उचलता येईल, समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत साडेतीन वेळा.

शक्ती समजली नाही तर काय होतं, ते घाटात दिसतं. सह्याद्रीचा असो, निलगिरीचा असो की हिमाचलातला, हिशेब एकच. १६ टनांचा भरलेला ट्रक १० किलोमीटरच्या उतारावर ५०० मीटर खाली येतो. उंचीमुळे साठलेली त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे ८ कोटी जूलनं कमी होते. वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. थोडी हवा आणि टायर घेतात; बाकीची चालकानं फक्त ब्रेक वापरला तर ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ट्रक ताशी ३६ नं उतरला, तर हे १००० सेकंदांत होतं, म्हणजे ८० किलोवॅट. हजार वॅटच्या ८० इस्त्र्या एकाच वेळी चालू आहेत असं समजा. ताशी ७२ नं उतरला तर वेळ निम्मा, म्हणून १६० इस्त्र्या. एकूण उष्णता तितकीच, पण वारा ब्रेकमधली उष्णता किती झपाट्यानं काढून नेणार, याला मर्यादा आहे. ब्रेक तापत जातात, त्यांची पकड सुटत जाते, आणि मग चालक पाय दाबून धरतो तरी गाडी ऐकत नाही. जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. त्यात हेच भौतिकशास्त्र आहे : खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढतं, त्या इस्त्र्यांचा बराच भार ब्रेकवरून काढून घेतं, आणि वेगही हळू ठेवतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारा तो सगळा भार पुन्हा ब्रेकवर टाकतो.

शेवटी आपल्या पहिल्या गाडीकडे येऊ, कारण हा हिशेब प्रत्येक घरातल्या गाडी किंवा स्कूटर चालवणाऱ्याला माहीत असायला हवा. गल्लीतला रस्ता आहे. २० मीटर पुढे एक मूल चेंडूमागे रस्त्यावर येतं. दोन सारख्या गाड्या घ्या, १००० किलोच्या, ब्रेकचं बल ५००० न्यूटन. दोन्ही चालकांना मूल दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद लागतो.

पहिली गाडी ताशी ३६ नं चालली आहे. त्या एका सेकंदात ती १० मीटर जाते. मग ब्रेक लागतात आणि आणखी १० मीटरांत ती थांबते. बरोबर २० मीटर. मूल वाचलं.

दुसरी गाडी ताशी ५० नं चालली आहे, सेकंदाला जवळपास १४ मीटर. पहिल्या सेकंदात १४ मीटर गेले. उरले ६. गाडीची गतिज ऊर्जा ५०० गुणिले १९६, म्हणजे ९८,००० जूल. ब्रेक ६ मीटरांत ५००० गुणिले ६, म्हणजे ३०,००० जूल काढून घेतात. ६८,००० जूल उरले. त्यातून वेग काढा : सेकंदाला सुमारे ११.७ मीटर, म्हणजे ताशी ४२ किलोमीटर.

वेगात फरक होता ताशी १४ किलोमीटरचा. त्या मुलापाशी पोचेपर्यंत एक गाडी थांबलेली आहे आणि दुसरी ताशी ४२ नं धावते आहे.

घरचा अभ्यास म्हणून तिसरी गाडी तुम्ही करा. तिचा वेग ताशी ६०, बाकी सगळं तेच. सेकंदाला १६.७ मीटर धरा. आधी ब्रेक लागायच्या आत ती किती पुढे गेली ते काढा, मग उरलेल्या अंतरात ब्रेकनं किती ऊर्जा काढून घेतली ते, आणि शेवटी उरलेल्या ऊर्जेतून वेग. उत्तर ताशी ५६ च्या आसपास यायला हवं. घरात कुणी नुकतीच गाडी शिकत असेल, तर हे गणित त्यांच्याकडूनच करून घ्या.